खिशातली माळ

अण्णा पहिल्यांदा माझ्याकडं समुपदेशनाला आले तेव्हा पूर्ण वेळ त्यांचा उजवा हात शर्टाच्या वरच्या खिशावर होता. छातीत दुखतंय का, असं मी विचारलं तर मान हलवली. मग म्हणाले, "ताई, खिशात माळ हाय माझी. बावीस वर्सं गळ्यात होती. सव्वा महिना झाला काढून."

वारकऱ्याच्या घरात माळ काढणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्यांच्या पत्नीनं आंघोळीनंतर मोकळा गळा पाहिला आणि दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. तिनंच त्यांना माझ्याकडं आणलं होतं. हा अनुभव अण्णांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायचं कारण एवढंच, की त्यांनी विचारलेला प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून सारखा ऐकू येतो: देवाचं सगळं करतो, उपास-वारी चुकवत नाही, तरी मनातली हाव, मत्सर, वासना जात नाही, मग माझी भक्ती खोटी का?

अण्णांची हाव कशाची होती? भावाच्या बंगल्याची.

अठरा वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, या जुन्या रीतीनं अण्णांनी नदीकाठची काळी जमीन घेतली. दादांच्या वाट्याला वरचं मुरमाड रान आलं. दादा एका शब्दानं बोलले नाहीत. पुढं नवा रस्ता निघाला, तो नेमका त्या मुरमातून गेला. भूसंपादनाचे पैसे आले, बंगला झाला, दारात मोठी गाडी आली. अण्णांची काळी जमीन रस्त्यापासून तीनशे मीटरवर तशीच राहिली. संध्याकाळी ते म्हशीच्या धारेला बसले की समोर तो बंगला. "भिंतीवर एसीचे डबे किती हायेत, मला पाठ हायेत ताई. पाच. रोज मोजतो."

रात्री तीनला जाग यायची, ती पुन्हा झोप नाही. भूक मेली होती, वजन उतरलं होतं, पत्नीवर चहाच्या कपावरून ओरडणं चाललं होतं. अशा वेळी मी एक प्रश्न सरळ विचारते, आडून नाही: जीव द्यावासा वाटतो का? ते खाली बघत म्हणाले, विहिरीवर मोटार सुरू करायला जाताना एकदोनदा मनात आलं. मी त्याच दिवशी, त्यांना सांगूनच, पत्नीला आत बोलावलं आणि दुसऱ्या दिवशीची मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली. अण्णा बिचकले. "गोळी घेतली म्हंजे नामावर इस्वास न्हाई असं होईल." साखर वाढली तर माळकरी माणूस गोळी घेतोच ना, एवढंच मी म्हटलं. गोळी त्यांनी पुढं काही महिने घेतली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच बंद केली. नामाशी तिचं काही भांडण झालं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असा विचार येत असेल तर जवळच्या माणसाला आजच सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

झोप थोडी लागायला लागल्यावर मग आम्ही मूळ गोष्टीकडं वळलो.

अण्णांनी मत्सराशी लढाई मांडली होती. पहाटे उठून दोन तास जप, मनात बंगला आला की पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात. एका वैद्याची गोष्ट सांगतात, त्यानं औषध दिलं आणि बजावलं, घेताना माकड मनात आणू नका. त्या रोग्याला आयुष्यभर औषध घेता आलं नाही. अण्णांचं तेच झालं होतं. जपात बंगला यायचाच, मग स्वतःची किळस यायची आणि एका पहाटे "हा गळा माळेच्या लायकीचा न्हाई" म्हणून त्यांनी माळ उतरवली. बंगल्याच्या हावेनं जेवढं पोखरलं नसेल तेवढं या अपराधीपणानं पोखरलं होतं.

मी कीर्तनकार नाही आणि समुपदेशनाच्या खोलीत उपदेश करू नये, हे मला ठाऊक आहे. पण समोरचा माणूस ज्या भाषेत रडतो त्याच भाषेत त्याच्याशी बोलावं लागतं. मी त्यांना विचारलं, भजनात तुमच्या आवडीचा अभंग कोणता? क्षणाचाही विचार न करता त्यांनी म्हटला:

पापाची वासना नको दावूं डोळां।
त्याहूनि आंधळा बराच मी॥

मी म्हटलं, अण्णा, हे तुकोबा कुणाला म्हणतायत? "पांडुरंगाला." का म्हणतायत? ते थांबले. वासना कधी डोळ्यांपुढं आलीच नसती तर माणूस असं मागणं मागेल का? पुढं कानांसाठी मागतात, जिभेसाठी मागतात. मी जिंकलो, असं त्या अभंगात कुठंच नाही. हे सगळं माझ्याच्यानं होत नाही, तूच बघ, असं आहे.

"ते संत हुते ताई."

संत होते, पण देहूचे दुकानदारही होते. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, धंद्याचं दिवाळं, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान। स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली॥ लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें।' पैसा आटला एवढंच नाही, मान गेला. लाज वाटली. हे त्यांनी लपवलं नाही, विठ्ठलापुढं आणि लोकांपुढं मोकळं मांडलं.

'नेला मान' हे शब्द अण्णांनी दोनदा पुटपुटले. तिथून गाठ सुटायला लागली.

मी त्यांना एक काम दिलं. देवापुढं बसून जप नाही करायचा. जे मनात आहे ते, आहे त्याच शब्दांत, पांडुरंगाला सांगायचं. "मला दादाचा बंगला हवाय" असं. पुढच्या आठवड्यात ते म्हणाले की जमलं नाही, जीभ उचलेना. मग माझ्यासमोरच प्रयत्न केला. डोळे मिटले, हात खिशावर. "पांडुरंगा, मला दादाचा..." इथवर आले आणि एकदम म्हणाले, "बंगला घेऊन काय करू मी? माझ्या पोराचं लगीन हुईना."

एकोणतीस वर्षांचा मुलगा, शेती करणारा. दहा ठिकाणी पत्रिका गेल्या, दहाही परत आल्या. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही हे तर आता गावोगावचं दुःख आहे. बंगला झाल्यापासून दादांच्या मुलाला मात्र स्थळं चालून येत होती. आणि आणखी एक. पूर्वी धारेच्या वेळी दादा रोज गोठ्यात येऊन बसायचे, चहा घ्यायचे. बंगल्याच्या वास्तुशांतीला अण्णा गेले नाहीत, तेव्हापासून दादांचं येणं थांबलं. आठ महिने झाले होते.

म्हणजे हाव म्हणून ज्याला आम्ही झोडपत होतो, तिच्या पोटात पोराची काळजी होती आणि भावाची आठवण होती. लोभ असतोच, नाही असं मी म्हणत नाही. पण त्याला नुसतं झोडपत राहिलं तर त्याच्या आत काय आहे ते कधी कळतच नाही. घरातली सगळी माणसं अण्णांना 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' ऐकवत होती. तो अभंग स्वतःला म्हणायचा असतो. दुसऱ्याच्या तोंडावर फेकला की तो 'गप्प बस' एवढंच सांगतो. मला याचा फार राग येतो, कारण असं गप्प झालेली माणसंच पुढं माझ्याकडं येतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा उताराचा रस्ता पायरीपायरीनं सांगितलाय: ध्यायतो विषयान्पुंसः, विषयाचं ध्यान केलं की ओढ लागते, ओढीतून काम, कामातून क्रोध, आणि शेवटी बुद्धीचा नाश. चहाच्या कपावरचं ओरडणं कुठून आलं ते अण्णांना लगेच दिसलं. ते म्हणाले, "म्हंजे ध्यान तर लागलंच हुतं माझं. रोज, धारेच्या वक्ताला." मी विचारलं, म्हशीचा खुंटा बदलता येईल का? त्यांनी माझ्याकडं जरा आश्चर्यानं पाहिलं. दुसऱ्याच दिवशी गोठ्याच्या मागच्या अंगाला खुंटा ठोकला. धार काढताना बंगल्याकडं पाठ.

पण नुसती पाठ फिरवून भागत नाही, मन रिकामं बसत नाही. इथं मला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली एक ओवी फार जवळची वाटते. अर्जुन म्हणतो, मन आवरणं वाऱ्याला आवरण्यासारखं आहे. माउली ते नाकारत नाहीत. पण पुढं म्हणतात:

कां जें यया मनाचें एक निकें।
जें देखिलें गोडीचिया ठाया सोके।
म्हणौनि अनुभवसुखचि कवतिकें।
दावीत जाइजे॥

मनाची एक गोष्ट चांगली आहे, गोडी जिथं चाखली तिथं ते सोकावतं. म्हणून त्याला आतल्या सुखाचा अनुभव कौतुकानं दाखवत जावा. 'कवतिकें' हा शब्द बघा. मनाला मारा, कोंडा, असं माउली म्हणत नाहीत. लहान मुलाला बोट धरून न्यावं तसं.

अण्णा, तुम्ही गोडी कुठं चाखलीत? ते म्हणाले, पखवाजात.

मग जो पाऊण तास गेला, तो माझ्या चांगलाच लक्षात आहे. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, कणीक लावतात ती किती मऊ मळायची, पाणी जास्त झालं तर आवाज कसा बसतो, भजन रंगात आलं की कणीक वाळते आणि बोटानं पाण्याचा थेंब कसा द्यायचा, हे त्यांनी माझ्या टेबलावर हातानं करून दाखवलं. हात खिशावरून निघाला होता. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. गावातल्या एकादशीच्या भजनाला ते आठ महिने गेले नव्हते, कारण चाल दादा सांगायचे.

दोन तासांचा जप आम्ही बाजूला ठेवला. हरिपाठाची सुरुवातच 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी' अशी आहे. क्षणभर म्हटलंय, मग क्षणभरच. पोटात आग उठली की एक अभंग, मोठ्यानं, आणि संपला की कामाला लागायचं. आग गेली का हे तपासायचं नाही.

एकादशीला ते भजनाला गेले. पखवाज पुढ्यात घेऊन बसले. दादा समोर. बराच वेळ दोघं एकमेकांकडं बघेनात. शेवटी दादा म्हणाले, "कणीक आणलीस का?" आठ महिन्यांनी तेवढंच. अण्णा पिशवीत कणीक विसरले नव्हते. हे मला सांगताना ते लहान मुलासारखे रडले.

मुलाच्या लग्नाचं अजून जमलेलं नाही. त्यासाठी दादाही चार ठिकाणी शब्द टाकतायत. बंगल्याची आग अजून अधूनमधून उठते, अण्णा ते लपवत नाहीत. माळ सध्या देव्हाऱ्यात, विठ्ठलाच्या पायाशी आहे. कार्तिकात दोघं भाऊ आळंदीला जाणार आहेत, ज्या महाराजांकडून बावीस वर्षांपूर्वी घेतली त्यांच्याच हातून ती पुन्हा घालायची आहे.

परवा निघताना मी सहज म्हशीचं विचारलं. म्हणाले, खुंटा परत पहिल्या जागी नेला, तिकडं लिंबाची सावली हाय.