नॅरोजमध्ये 140 क्युसेक म्हणजे किती पाणी?

मे अखेरीस आईबाबा आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन अमेरिकेत युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानात जाताय, व्हर्जिन नदीचा प्रवाह 140 दिसतोय, तर नॅरोजमध्ये, म्हणजे या नदीच्या अरुंद घळीत, उतरावं का, असं विचारलंत. एवढ्या पाण्यात लेकीला आत नेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

तो आकडा क्युसेकमध्येच असतो. खडकवासल्यातून हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला 140 किरकोळ वाटतो, आणि तिथेच फसगत होते. 140 क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ 4000 लिटर. नॅरोजमध्ये काही ठिकाणी दोन कड्यांमध्ये जेमतेम 20-30 फुटांची फट आहे, कडे हजार फुटी. तिथे काठ नसतोच, चालायचं ते पात्रातूनच. उतार चांगलाच, तळाशी गुळगुळीत गोटे, आणि पाणी गढूळ असलं की पाय कुठे पडतोय ते कळत नाही. तुमच्या मांडीला लागणारं पाणी लेकीच्या छातीपर्यंत येतं. 150 च्या वर गेलं की उद्यान ही वाट बंदच करतं. वरच्या अंगाने, चेंबरलेन्स रँचकडून 16 मैल उतरायचं परमिट तर 120 च्या वर मिळत नाही. म्हणजे वाट उघडी असली तरी तुम्ही मर्यादेला टेकलेले आहात.

मेमधलं हे पाणी वरच्या पठारावरच्या बर्फाचं, म्हणून भयंकर गार. ऊन वाढलं की आकडा चढतो, रात्री गारठा पडला की उतरतो. प्रवाहाच्या आलेखात रोजची लाट दिसेल. एकच आकडा न बघता आठवडाभराचा कल बघा. बर्फ संपलं की मागे उरतं ते झऱ्यांचं पाणी, नवाहो नावाच्या वालुकाश्मात मुरून सावकाश पाझरणारं. त्यामुळे शरद ऋतूत प्रवाह साधारण 40-60 वर स्थिरावतो.

जुलै ते सप्टेंबरचा धोका वेगळा. लांब कुठेतरी वरच्या खोऱ्यात वळीव कोसळतो आणि डोक्यावर निळं आकाश असताना लोंढा येतो. प्रवाहाचं मोजणी केंद्र उद्यानाच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावाजवळ, नॅरोजच्या खालच्या बाजूला आहे. लोंढा आलेखात दिसेल तोवर तो तुमच्या अंगावरून गेलेला असेल! म्हणून त्या दिवसांत आलेखाच्या भरवशावर राहू नका, हवामान खात्याचा त्या दिवसाचा अचानक पुराचा अंदाज वाचा. आत असताना पाणी एकदम गढुळलं, काटक्या वाहत आल्या किंवा आवाज वाढला, तर फोटो न काढता तडक उंच जागा गाठा.

आईबाबांसाठी उद्यानाच्या शटल बसच्या शेवटच्या थांब्यापासून निघणारा रिव्हरसाइड वॉक उत्तम. मैलभर पक्की वाट, नदी सतत सोबत, आणि तिच्या टोकाशीच नॅरोज सुरू होतं. लेकीलाही तिथपर्यंत न्या. पाण्यात विषारी शेवाळाचा इशारा आहे का ते आधी बघा, तिला ते पाणी तोंडात घेऊ देऊ नका.

तारखा हलवता येत असतील तर सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबरची सुरुवात धरा. तेव्हासुद्धा बूट, काठी स्प्रिंगडेलमध्ये भाड्याने घ्या.