सर्व्हेत उलटंच निघालं, मग मार्क जाणार का?

एपी रिसर्च, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बोर्ड या परीक्षा संस्थेचा, शाळेत असतानाच स्वतः संशोधन करून पेपर लिहायचा वर्षभराचा कोर्स. तो घेतलेल्या मुलांचे पालक हल्ली माझ्याकडे सल्ल्याला बरेच येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, शेवटी परीक्षाच नाही तर मार्क देणार कशावर?

बडोद्यातलंच, दांडिया बाजारातलं एक कुटुंब, ओळख थोडी बदलून सांगतेय. मुलीचा विषय फार गोड होता, घरात आजी-आजोबा असले की मुलं मराठी जास्त बोलतात का. तिला खात्री होती की हो, पण सर्व्हेचे फॉर्म भरून आले जेमतेम ३८ आणि त्यात तसं काही दिसेचना, मुलं आजीशीसुद्धा गुजरातीतच बोलतात! पोरगी रडकुंडीला आलेली. बाबा वेगळेच चिडलेले, "ताई, एवढी फी भरतो आणि टीचर एक ओळ सुधारून देत नाहीत."

त्यांना आधी सांगितलं की टीचरला पेपर सुधारून द्यायची परवानगीच नाही, त्या फक्त प्रश्न विचारून विचार करायला लावू शकतात. ७५ टक्के मार्क पेपरचे, ४००० ते ५००० शब्दांचा, तो कॉलेज बोर्डाचे लोक तपासतात. उरलेले २५ प्रेझेंटेशन आणि त्यानंतरच्या तोंडी प्रश्नांचे, ते शाळेतच, तिघांच्या पॅनलसमोर. आणि अंदाज खरा ठरला का यावर मार्क नसतात हो, प्रश्न नेमका का निवडला, पद्धत का हीच, निष्कर्ष पुराव्यावर उभा आहे का आणि मर्यादा ओळखल्यात का, हे बघतात.

तिच्या ड्राफ्टमध्ये शेवटी लिहिलेलं, "माझं संशोधन अयशस्वी झालं." मी विचारलं, फॉर्म पाठवलेस कुठे गं? म्हणाली, मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. म्हटलं मग बघ, मंडळात येणारी घरं म्हणजे मराठीची ओढ असलेली, तिथेच असं दिसतंय, याचा अर्थ काय लागेल? थोडा वेळ गप्प बसली आणि मग स्वतःच बोलायला लागली, की काकू, ही मर्यादा पण आहे आणि मुद्दा पण! ती ओळ तिनेच खोडली.

बाबांनी मात्र पेपर "पॉलिश" करायला एक ट्यूशनवाला ठरवला होता. ते आधी बंद करा म्हटलं, चोरलेलं सापडलं तर सरळ ० मिळतो, एआयची शंका नको म्हणून टीचर मुलांना मध्ये मध्ये समोर बसवून कामाबद्दल विचारतात, आणि पॅनलसमोर तर तिलाच बोलायचंय. त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला.