तीन गोळ्यांवालं यंत्र कफ काढायला नसतं हो

तुम्ही लिहिलंय की आईंना जुना दमा आहे, वय सत्तरीपुढे, कफ सुटत नाही आणि आणलेलं यंत्र जोरात फुंकलं की चक्कर येते. ते ६००, ९००, १२०० लिहिलेलं तीन गोळ्यांवालंच असणार. ते फुंकायचं नाहीच मुळी, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात, आणि ते मुख्यतः ऑपरेशननंतर फुप्फुसं नीट फुलावीत म्हणून देतात.

आमच्या सासऱ्यांच्या वेळी अगदी हेच झालं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ऑसिलेटिंग पेप (म्हणजे श्वास सोडताना थरथरून कफ सुटा करणारं यंत्र) असं स्वच्छ लिहिलेलं, पण सामान देणाऱ्या काउंटरवरच्या माणसाने हे हातात ठेवलं, वर म्हणे सगळी सारखीच असतात. बदलून मागायला गेलो तर खोका उघडलाय, आता परत होणार नाही, डॉक्टरांकडून नवीन चिठ्ठी आणा, आणि नवीन चिठ्ठी नेली तर त्यावर शिक्का नाही!! तोवर थंडी सरली, म्हातारा माणूस रात्र रात्र बसून खोकतोय आणि ह्यांना शिक्का हवाय. अजून आठवलं की डोकं फिरतं.

असो. कफासाठीचं यंत्र म्हणजे फ्लटर किंवा अकापेलासारखं. त्यात हवा बाहेर सोडताना अडथळा येतो, त्या दाबाने श्वासनलिका उघड्या राहतात आणि थरथरीने कफ सुटा होतो. फ्लटरमध्ये स्टीलची गोळी असते त्यामुळे ते ठरावीक कोनातच धरावं लागतं, हात कापत असेल तर वैताग. अकापेला आडवं पडूनही चालतं, म्हणून वयस्कर माणसांना माझं मत त्यालाच.

श्वास नेहमीपेक्षा जरासा मोठा, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग हळू एकसारखा यंत्रात सोडायचा, गाल फुगू द्यायचे नाहीत. असं दहाएक वेळा झालं की आरशावर वाफ सोडतो तसा तोंड उघडून "हाऽऽ" करायचा, जोरजोरात खोकायचं नाही. चक्कर आली तर सरळ थांबायचं. आराम देणारा पंप डॉक्टरांनी दिला असेल तर तो साधारण पंधरा मिनिटं आधी, स्टेरॉइडचा पंप मात्र कफ काढून झाल्यावर.

मी डॉक्टर नाही हं, आणि दमा असलेल्या प्रत्येकाला हे लागतं असंही नाही. कफच नसेल, नुसती शिट्टी वाजत असेल तर आधी पंप बरोबर घेतला जातोय का ते बघा, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरा. अटॅक चालू असताना यंत्र हातात द्यायचंच नाही. थुंकीत रक्त, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठलेली, कानाचं किंवा सायनसचं नुकतंच ऑपरेशन असं काही असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून दाखवायला लावा.

आणि कवळी सैल असेल तर ओठांच्या कडेने हवा निसटते, थरथर जाणवतच नाही, मग यंत्र बिघडलंय असं वाटतं. ते आधी तपासा.