दहावीत गेल्यापासून मुलीचं खेळणं सुटलं, हा आळस म्हणायचा का?

नाही, याला आळस म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. तरी 2016 च्या आकडेवारीनुसार जगभरातली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं तिथवर पोचत नाहीत. मुलींत हे प्रमाण 85 टक्के. एवढी सगळी पोरं आळशी कशी असतील?

यातलं एक मोठं कारण म्हणजे 'मला हे जमेल' हा विश्वास नसणं. या विश्वासाची कल्पना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडली. स्वतः थोडं जमणं आणि आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणं, यातून हा विश्वास वाढतो. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवलं. तिच्याबद्दल मुलीला जरूर सांगा.

दुसरं कारण म्हणजे सोबत. आपल्याकडे भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे घोळक्याने धावतात, कारण एक उठला की दुसऱ्याला उठावंच लागतं. मुलींना असा घोळका मिळत नाही. वर 'आता मोठी झालीस', लोकांच्या नजरा, कपड्यांवरचं बोलणं, आणि सहानंतर ट्यूशन! या वयात शरीर बदलत असतं, त्यामुळे असं एक वाक्यही मनाला लागतं.

तेव्हा वजनाचा विषय काढू नका. खेळ तिलाच निवडू द्या, एखादी मैत्रीण जोडून द्या. आणि रविवारी सगळेच राजहंसगड चढून या, वडिलांसकट.