कण पेशीत शिरतात, मग प्रथिन का बनत नाही?

तुझ्या प्रश्नाचा सारांश असा: एम-आरएनए (प्रथिन बनवायचा निरोप) भरलेले लिपिड नॅनोकण, म्हणजे चरबीसारख्या रेणूंचे अतिसूक्ष्म गोळे, ८० नॅनोमीटरचे झालेत, पीडीआय (आकारातला फरक, जितका कमी तितका चांगला) ०.१, घातलेल्या आरएनएपैकी ९३ टक्के कणांच्या आत. हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) कण शिरल्याचे लाल ठिपके दिसतात, पण त्या एम-आरएनएवरून बनायला हवं ते हिरवं प्रथिन काही दिसत नाही. गाइड म्हणतात, लिपिड बदल. माझं मत: एसएम-१०२ ला, म्हणजे तुझ्या कणातल्या आयनीकरण होणाऱ्या (भार घेऊ शकणाऱ्या) मुख्य लिपिडाला, हात लावू नकोस. एवढं महागाचं लिपिड, आणि त्याचा यात काही दोष नाही.

आधी ते ठिपके. ठिपके दिसले म्हणजे निम्मं काम झालं असं तू लिहिलंयस, तिथेच गोची आहे. ते एंडोसोम आहेत, म्हणजे पेशीने गिळताना केलेल्या पिशव्या. आपल्या नाशिकच्या भाषेत सांगायचं तर कांदा चाळीत पोचलाय, बाजारात नाही. आणि वेळेत निघाला नाही तर चाळीतच सडणार. चांगल्या कणांचीही यात फार मोठी मिजास नाही बरं का. २०१३ साली हे मोजलं गेलं तेव्हा एसआय-आरएनएपैकी (जनुक गप्प करणारे छोटे आरएनए) जेमतेम १ ते २ टक्के पिशवीबाहेर पडताना दिसलं.

तो थोडका माल बाहेर कसा पडतो? आयनीकरण होणारं लिपिड रक्ताच्या ७.४ पीएचला जवळजवळ विद्युतभाररहित असतं. पिशवीतला पीएच सहाच्या खाली घसरू लागला की त्यावर धनभार येतो, पिशवीच्या पडद्यातल्या ऋणभारी लिपिडांशी त्याची जोडी जमते, आणि त्या जोडीचा आकार शंकूसारखा असल्यामुळे सपाट पडदा टिकत नाही, फाटतो. २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या ऑनपॅट्रो या औषधातल्या एमसी३ या तशाच लिपिडाचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर भार असतो तो आकडा) ६.४४ आहे तो याचसाठी. डोटॅपसारखं कायम धनभारी लिपिड घालायचा मोह होईल; पेशी मरतील आणि तू आणखी गोंधळशील.

आता तुझी कृती. डीएमजी-पेग (कणाभोवती कवच करणारं लिपिड) मिळालं नाही म्हणून लॅबमध्ये पडलेलं डीएसपीई-पेग हे त्याच जातीचं लिपिड वापरलंस, तेही ३ टक्के. माझा संशय इथे आहे. डीएमजीच्या शेपट्या १४ कार्बनच्या, त्यामुळे ते कणावरून हळूहळू गळून पडतं. डीएसपीईच्या १८ च्या. ते चिकटून बसतं. डॉक्सिल या कर्करोगाच्या औषधासारख्या लायपोसोममध्ये (औषध भरलेल्या लिपिडाच्या पिशवीत) तेच हवं असतं, कारण तिथे औषध रक्तात दिवसचे दिवस फिरायला हवं. तुला मात्र कवच उतरायला हवंय. कवच तसंच राहिलं तर लिपिड पिशवीच्या पडद्याला भिडणार कसं? डीएमजी-पेग १.५ टक्के घे, बाकी ५० : १० : ३८.५ हे एसएम-१०२, डीएसपीसी (आधार देणारं लिपिड) आणि कोलेस्टेरॉलचं प्रमाण ठेव.

दुसरी गोष्ट तू ओघात लिहिलीस, पण मला ती तितकीच खटकली: पेशींना सीरमशिवाय माध्यम दिलंस. ती लिपोफेक्टामाइनची (आरएनए-डीएनए पेशीत घालायचं तयार रसायन) सवय. या कणांवर सीरममधलं एपोई प्रथिन चढतं आणि पेशीवरचा एलडीएल रिसेप्टर (कोलेस्टेरॉलचे कण पकडणारं प्रथिन) त्याला ओळखून कण आत ओढतो. यकृतात हे कण इतके सहज जातात तेही त्यामुळेच. तेव्हा १० टक्के सीरम घालून बघ, आणि हा बदल पेगच्या बदलाबरोबर एकदम करू नकोस, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. खरं तर सीरमचा प्रयोग आधी कर. त्याला नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

मिसळणीत खोट दिसत नाही, पीडीआयच सांगतोय. डायलिसिस (कण बनवताना वापरलेलं इथेनॉल पडद्यातून धुऊन काढणं) मात्र पुरेसं झालंय का बघ. इथेनॉल राहिलं तर पेशी कुरकुरतात. आणि बॅच फ्रीझरमध्ये टाकायची असेल तर आधी सुक्रोज घाल. मी एकदा विसरलो होतो, सकाळी ८५ नॅनोमीटरचे कण २४० वर गेले होते.

एवढं करूनही हिरवं दिसलं नाही तर टीएनएस या चमकणाऱ्या रंगाची चाचणी लाव. तुमच्या विभागात फ्लोरिमीटर (चमक मोजणारं यंत्र) असेलच. पीएच ३ ते १० पर्यंतची बफरं करायची, प्रत्येकात थोडे कण आणि टीएनएस घालायचं. हा रंग धनभारी पृष्ठभागाला चिकटला की चमकतो. चमक जिथे निम्म्यावर येते तो तुझ्या कणांचा पीकेए. ६ आणि ७ च्या मध्ये आला तर लिपिड निर्दोष. बाहेर आला तर मला आलेख दाखव, मग लिपिडावर बोलू.