रोज सायकलने ऑफिसला जाताना पंक्चर आणि पावसासाठी सोबत काय ठेवावं?

रस्त्यात पंक्चर काढत बसू नका, सरळ ट्यूब बदला. सीटखालच्या पिशवीत टायरच्या मापाची ट्यूब, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या), छोटा पंप आणि चाक नटाचं असेल तर पाना (बहुतेकदा 15 मिमीचा) ठेवा. पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो ना, हे घरीच तपासा.

नवी ट्यूब पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर होते, ती बहुधा काटा टायरमध्येच राहिल्यामुळे. म्हणून आधी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा आणि व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर टायर बघा. मग आतून फडकं फिरवा. ते अडकेल तिथे काच किंवा तार असते. नुसतं बोट फिरवू नका, कापेल. शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका. खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली, म्हणजे हवा कमी होती. नव्या ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही. टायरची कड शेवटी व्हॉल्व्हपाशी, अंगठ्यांनीच चढवा.

पावसात पंक्चर वाढतात, कारण ओल्या रबरात काच सहज घुसते. रिम ब्रेक (चाकाच्या रिमला दाबून थांबवणारे) ओले असताना उशिरा धरतात, तेव्हा ते लवकर, हलके दाबायला लागा. रेनकोटपेक्षाही पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि मागचा लाल दिवा मला जास्त गरजेचे वाटतात. घरी पोचल्यावर चेन पुसून तेल द्या.