उष्टावण रविवारी होतं आणि आजींच्या हातात मधाची बाटली

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईचा फोन आला, आवाज एकदम दबका, बहुतेक गच्चीवर जाऊन बोलत होती. मुलगा साडेसहा महिन्यांचा, रविवारी उष्टावण, आणि सासूबाईंनी सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायचं ठरवलेलं. "मॅडम, मी वाचलंय मध देऊ नये, पण घरात म्हणतात आमची सगळी पोरं मधावरच वाढली, मी काय बोलू?" पूरक आहाराच्या समुपदेशनात हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की म्हटलं तिची गोष्ट लिहूनच टाकावी (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

मी आधी विचारलं, सध्या खातो काय तो? तर म्हणाली, डाळीचं पाणी आणि गाळलेली पेज, बास. "काय द्यायचं नाही" याचे इतके व्हिडिओ बघितले होते तिनं की घट्ट काही भरवायलाच हात धजेना. सहा महिन्यांनंतर नुसतं अंगावरचं दूध पुरत नाही आणि डाळीच्या पाण्यात डाळ नसतेच हो, पोट भरतं पण अंगी लागत नाही. वजन महिनाभरात जेमतेम हललेलं.

मग मी गुटीचं विचारलं, कारण ते कुणी आपणहून सांगत नाही. गुटी रोज चालू होती, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, सहाणेवर उगाळून... कशात? "मधात." म्हणजे जे रविवारी होणार म्हणून ही घाबरली होती ते घरात दोन महिने रोज सकाळी चालूच होतं, आणि तिला ते मध दिल्यासारखं वाटलंच नव्हतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे बाळाची चौकशी. शी नेहमीसारखी होते का, रडणं जोरात आहे का, दूध ओढतो का, मान सावरतो का, पापण्या जड वाटतात का. सगळं ठीक होतं. मध आणि गुटी आजपासून बंद, पुढचा महिनाभर लक्ष ठेव, आणि बद्धकोष्ठता होऊन बाळ मलूल झालं, अंग ढिलं पडलं, रडणं बारीक झालं तर थेट दवाखाना गाठ आणि मध दिला होता हे डॉक्टरांना नक्की सांग, असं सांगितलं.

मग फोन स्पीकरवर टाकायला लावला, कारण सुनेच्या तोंडून हे आजींना ऐकवणं म्हणजे घरात भांडण लावणं. आजी म्हणाल्या, "अहो पण आमचा मध घरचा आहे, पोळ्याचा, भेसळ नाही." मी म्हटलं आजी, मध वाईट नाहीच, पण बोट्युलिझम म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू शुद्ध मधातही असू शकतात, आपण मोठी माणसं पचवतो, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात, आणि घरी उकळून ते मरत नाहीत, म्हणून खिरीत घालूनही नको. क्वचितच होतं हे, तुमच्या पोरांना नाही झालं हे चांगलंच झालं, पण झालं तर बाळाला श्वास घेणं अवघड होतं. वाढदिवसानंतर द्या ना, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. थोडा वेळ शांतता, आणि मग त्या म्हणाल्या, "बरं, मग अंगठी कशात बुडवायची?" मला इतकं बरं वाटलं! मऊ भात, मुगाचं वरण, वर साजूक तूप, कुस्करून, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट. मीठ-साखर काहीच नको.

मागून आजोबा म्हणाले, "मी आपला एखादा शेंगदाणा देतो चघळायला." इथं मात्र मी आवाज चढवला. आख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू पाच वर्षांपर्यंत नाहीत म्हणजे नाहीत, श्वासनलिकेत अडकतात. दाण्याचं बारीक कूट मात्र पेजेत नीट कालवून जरूर द्या, उगाच अ‍ॅलर्जीच्या भीतीनं लांबवू नका. 2015 साली आलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात लवकर शेंगदाणा खाल्लेल्या बाळांना त्याची अ‍ॅलर्जी खूपच कमी झाली होती. फक्त बाळाला मोठा एक्झिमा (कातडीला खाज, लाल चट्टे) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ताईला वेगळं एवढंच सांगितलं की भरवताना बाळ खोकलं, ओकारीसारखं केलं, तोंड लाल झालं तर घाबरू नकोस, ते घास सांभाळायला शिकतंय; आवाजच बंद झाला आणि ओठ निळे पडायला लागले तर तो धोका, तेव्हा तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, पालथं धरून डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा, आणि कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगायचं. गाय-म्हशीचं दूध प्यायला वर्षानंतर, चहा-बिस्कीट नको, हे चटकन आटोपलं.

जानेवारीत परत फोन आला, यावेळी आजींचा. बाळ नऊ महिन्यांचं, वजन छान वाढलेलं, आणि घरात द्राक्षं आलेली. "चार फोडी उभ्या करायच्या ना, आडव्या नाही?" हो आजी, उभ्याच, आणि बिया काढून.